मंगळवारचं कात्रण

भीमाबाई रंगारींची गोष्ट सांगायची तर आधी माझं पाप सांगून टाकते. नंतर कुणी मला साळसूद समजायला नको. नऊ वर्षांपूर्वी ज्या प्रेसनोटनं त्यांच्या पोरीचं, पिंकीचं, वाटोळं झालं, ती मी टाईप केली होती. मी उत्तरा, कृष्णकांत साहेबांच्या पीआर एजन्सीतली टायपिस्ट. साहेब सांगत गेले, मी बडवत गेली. एकदाही बोट अडखळलं नाही.

आमची एजन्सी धंतोलीत, एका मेडिकल स्टोअरच्या वर, तीन खोल्यांची. हॉस्पिटलवाले, कोचिंगवाले, बिल्डर अशा लोकांच्या बातम्या पेपरात छापून आणायच्या आणि नको त्या येऊ द्यायच्या नाहीत, एवढाच धंदा. छापून आणायचं काम प्रेसनोट करायची, थांबवायचं काम साहेबांचा फोन. अकरा पेपर, अकरा संपादक, आणि साहेबांकडे अकराही जणांचे घरचे नंबर. ‘कृष्णकांत बोलतोय’ एवढं म्हटलं की बातमी पहिल्या पानावरून सातव्यावर जायची, नाहीतर छापूनच यायची नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सांगून राहिली.

भीमाबाईंचं काम कात्रणांचं. सकाळी सातला नंदनवनहून बसनं यायच्या, अकराही पेपर टेबलावर पसरायच्या आणि आमच्या क्लायंटचं नाव असलेली बातमी कापून कोऱ्या कागदावर चिकटवायच्या. वर पेपरचं नाव, तारीख, पान नंबर. एक फाईल क्लायंटकडे जायची, की बघा, तुमचं नाव किती वेळा छापून आलं. दुसरी आमच्या कपाटात राहायची. शिक्षण सातवी. हातात इतवारीतून आणलेली शिंप्याची लांब काळी कात्री. इंग्रजी येत नव्हतं, तर डॉक्टरांची नावं इंग्रजीत कशी दिसतात ते बाईंनी चित्रासारखं पाठ करून टाकलं होतं. बावीस वर्षांत एक बातमी सुटली असेल तर शपथ! आणि साहेब पाहुण्यांना काय सांगायचे? ‘ही आमची कात्रीवाली बाई.’ नावसुद्धा घ्यायचे नाहीत.

आमचा सगळ्यात मोठा क्लायंट म्हणजे विक्रम डॉक्टर. धंतोलीतच त्यांचं हॉस्पिटल, अर्ध्या विदर्भातून पेशंट यायचे. पिंकी तिथेच आयसीयूत नर्स होती, साहेबांच्या शब्दावर लागलेली. त्याबद्दल भीमाबाई दर दिवाळीला साहेबांच्या घरी अनारसे नेऊन द्यायच्या.

एका मंगळवारी पहाटे उमरेडचा एक पेशंट आयसीयूत दगावला. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह तीन दिवसांपासून अडकत होता आणि पिंकीनं ड्युटीच्या वहीत तसं दोनदा लिहून दिलं होतं. दुपारपर्यंत ती वही गायब. पण विक्रम डॉक्टर तेव्हा घाबरलेले होते. आमच्या अकरांत नसलेल्या एका सांजदैनिकाच्या रिपोर्टरनं फोन केला आणि हे खरं बोलून बसले: ‘व्हॉल्व्हमध्ये बिघाड होता, आम्ही दुरुस्तीला सांगितलं होतं.’ त्या चार पानी पेपरात संध्याकाळी ते छापून आलं, डॉक्टरांच्या नावानं, पाच-सहा ओळींत.

बुधवारी साहेबांनी सूत्रं हातात घेतली. मी शेजारीच बसली होती. फोनवर डॉक्टरांना म्हणाले, “मशीन चुकली म्हटलं तर हॉस्पिटल चुकलं. माणूस चुकला म्हटलं तर माणसाला काढून टाकता येतं.” मग माझ्याकडे वळून सांगायला लागले, ‘कर्तव्यावरील परिचारिका पिंकी रंगारी यांच्या निष्काळजीपणामुळे…’ नाव आडनावासकट. खाली डॉक्टरांची सही. गुरुवारी अकराच्या अकरा पेपरांनी जशीच्या तशी छापली. सांजदैनिकाच्या त्या पाच-सहा ओळी कुणाच्या लक्षातही राहिल्या नाहीत. दोन वर्षांत तो पेपरही बंद पडला.

त्या गुरुवारी मला वाटलं, भीमाबाई यायच्या नाहीत. सातला आल्या. पेपर पसरले, चष्मा लावला, आणि आपल्या पोरीचं नाव अकरा वेळा कापलं. अकरा वेळा! एकही कात्रण वाकडं गेलं नाही. डिंक लावला, तारीख टाकली, पान नंबर टाकला. संध्याकाळी साहेबांनी त्या फाईलवर लाल पेनानं लिहिलं, ‘छान हाताळणी’. भीमाबाईंनी फाईल बंद करून कपाटात ठेवली. त्याच फाईलमध्ये, दोन पानं अलीकडे, मंगळवारचं कात्रणही होतं. क्लायंटचं नाव असलेली बातमी, ती कापायची म्हणजे कापायची. बाईंनी मंगळवारी संध्याकाळीच कापून ठेवली होती.

“नोकरी सोडा वं बाई,” मी एकदा म्हटलं. “कसं पाहवते तुम्हाला त्या माणसाकडे?”

“काहून सोडू?” त्या म्हणाल्या. “मी गेली तं ते कात्रण कोन सांभाळन? तू?”

मी टायपिंगला लागली.

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. दोन्ही कात्रणांची झेरॉक्स घेऊन त्या एका मोठ्या संपादकाकडे गेल्या. त्यानं पाणी पाजलं, कागद ठेवून घेतले, आणि बाई जिना उतरायच्या आत आमच्या साहेबांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत, हसून म्हणाले, “भीमाबाई, घरातली गोष्ट घरातच राहू द्या.” बाई बाहेर आल्या. त्या मला एवढंच म्हणाल्या, “अकरा दरवाजे हायेत वं, अन् अकराच्या कुलपाची चाबी याच्याच खिशात. असू दे. मी थांबतो.” आमच्याकडे बायाही रागात असल्या की ‘मी थांबतो’ म्हणतात. त्या नऊ वर्षं थांबल्या.

तोवर पिंकीचं काय झालं? जिथे नोकरीला जाईल तिथे ऑफिसवाली बाई मोबाईलवर नाव टाकून पाहायची, आणि नाव टाकलं की पहिली तीच बातमी. ‘आम्ही कळवतो’ म्हणायची, आणि कुणी कळवायचं नाही. नर्सिंगचा पूर्ण कोर्स केलेली, रजिस्ट्रेशन असलेली पोरगी बेसाला एका म्हाताऱ्या जोडप्याकडे बारा-बारा तास आयाचं काम करून राहिली. लग्नाचं एक स्थळ आलं, तेही नाव टाकून पाहिल्यावर परत गेलं. भीमाबाईंना दुसरं काहीच नको होतं. ना दया, ना भरपाई. ज्यानं पोरीचं नाव नासवलं, त्यानंच ते सगळ्यांसमोर धुऊन द्यावं, आणि देताना त्याची बोबडी वळावी. हे दुसरं म्हणताना त्यांचे डोळे चमकायचे. खोटं कशाला सांगू?

मग जमाना फिरला. लॉकडाऊननंतर पेपर बारीक झाले, अकरातले तीन तर छपाईचेच राहिले नाहीत. जुने रिपोर्टर घरी बसले. कुणी पोर्टल काढलं, कुणी यूट्यूब चॅनल, कुणी तालुक्याचे व्हॉट्सॲप ग्रुप चालवायला लागलं. साहेबांचे संपादक मित्र रिटायर झाले, नव्या पोरापोरींना ‘कृष्णकांत बोलतोय’ म्हटलं तर ‘कोण कृष्णकांत?’ विचारायचे. मला तर ते पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी पेढे वाटावेसे वाटले होते.

पण साहेब काही कच्चे नव्हते. ऑफिसात मीटिंग घेतली. म्हणाले, “आता बातमी छापून येत नाही, आता बातमी चालते. जे लोक मोबाईल धरून उभे राहतील त्यांना बोलवायचं. सगळं लाईव्ह. लाईव्ह असलं की लोकांना वाटतं, यात लपवाछपवी नाही.” मग भीमाबाईंकडे वळले. “कात्रणं आजपासून बंद. आम्ही क्लायंटला लिंका पाठवतो. तुम्ही फोल्डर लावा, चहापाणी पाहा. आणि ते कपाट रिकामं करा, सगळ्या फायली रद्दीत घाला.”

रद्दीवाला आला. तीन हातगाड्या भरून बावीस वर्षं गेली. विक्रम डॉक्टरांची फाईल तेवढी बाईंनी काढली आणि त्याच कपाटात, कोऱ्या फोल्डरच्या गठ्ठ्याखाली सरकवून ठेवली. मी पाहिलं. त्यांनी, मी पाहिलेलं पाहिलं.

यंदा विक्रम डॉक्टरांनी बेसाला दुसरं हॉस्पिटल काढायचं ठरवलं, पिंकीच्या कामाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. पोरगी रोज त्या बोर्डाखालून जायची. बोर्डावर डॉक्टरांचा हात जोडलेला फोटो, आणि खाली ‘पंचवीस वर्षं. एकही चूक नाही.’ हे वाक्य साहेबांचं. त्याच वाक्यावर पत्रकार परिषद ठेवली, सिव्हिल लाईन्सच्या एका हॉलमध्ये, सकाळी अकराला. पन्नास-साठ लोकांना निरोप गेले.

आमच्याकडे परिषदेला प्रत्येकाच्या हातात एक फोल्डर द्यायची पद्धत. डाव्या खिशात प्रेसनोट, उजव्या खिशात क्लायंटची निवडक जुनी कात्रणं, आणि एक पेन. परिषदेच्या दोन दिवस आधी साहेब घाईघाईत बाहेर निघाले होते. दारातूनच म्हणाले, “भीमाबाई, डॉक्टरांची दोन-तीन जुनी कात्रणं टाकून द्या उजवीकडे. नव्या पोरांना इतिहास माहीत नाही.”

“कोनती टाकू साहेब?”

“आता तुम्हाला काय सांगायचं! तुम्हीच निवडा.”

असं म्हणून माणूस गेला. बाप्पा रे! मी खुर्चीतच बसून राहिली. भीमाबाईंनी शांतपणे कपाट उघडलं, गठ्ठ्याखालून फाईल काढली, दोन पानं सोडवली आणि माझ्यासमोर ठेवली. डावीकडे मंगळवार, उजवीकडे गुरुवार.

“दोन्ही एकाच कागदावर, साठ झेरॉक्स पाहिजेत,” म्हणाल्या. “तू मारून आन.”

“मी? भीमाबाई, माझी नोकरी जाईल हो.”

“टाईप तूनंच केलं होतं न?”

गेली मी. झेरॉक्सवाल्यानं विचारलं, ‘मॅडम, घाम काहून फुटून राहिला?’ मी पैसे मोजून दिले. साठ प्रती घेऊन आली. बाईंनी एकेक फोल्डर उघडून उजव्या खिशात कागद घातला, कडा जुळवून, जसं बावीस वर्षं करत आल्या तसंच.

परिषदेच्या दिवशी हॉल भरला. समोर चाळीस मोबाईल उभे, स्टँडवर लावलेले. मंचावर विक्रम डॉक्टर, बाजूला साहेब माईक धरून. भीमाबाई मागे, चहाच्या टेबलाजवळ, पदर खोचून उभ्या. पुढच्या रांगेतले दोन-तीन जुने पत्रकार फोल्डर न उघडता मांडीवर ठेवून बसले. ते कशाला उघडतील? त्यांची रीत अशी की अडचणीचा प्रश्न असलाच, तर तो कार्यक्रम संपल्यावर कोपऱ्यात घेऊन विचारायचा. नव्यांना ही रीत कुणी शिकवलीच नव्हती.

डॉक्टरांनी ‘पंचवीस वर्षं, एकही चूक नाही’ म्हटलं. टाळ्या झाल्या. दुसऱ्या रांगेत सोनिका नावाची एक पोरगी होती, स्वतःचं चॅनल चालवणारी, एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात फोल्डर. ती लाईव्हवर आपल्या लोकांना फोल्डरमध्ये काय काय आहे ते दाखवत होती. पेन दाखवला, प्रेसनोट दाखवली, मग उजव्या खिशातला कागद काढून मोठ्यानं वाचायला लागली. वाचता वाचता तिचा आवाज बदलला.

“सर,” ती उभी राहिली, “तुमच्याच फोल्डरमध्ये आहे म्हणून विचारते. मंगळवारी तुम्ही म्हणता, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बिघडला होता. गुरुवारी म्हणता, नर्स पिंकी रंगारी यांची चूक. पेशंट एकच. यातलं खरं कोणतं?”

सगळ्या हॉलमध्ये फोल्डर उघडल्याचा आवाज झाला.

डॉक्टरांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांचा हात सवयीनं खिशातल्या फोनकडे गेला. फोन बाहेर काढला, आणि तसेच उभे राहिले. लावणार कुणाला? अकरा संपादक असते तर अकरा फोन झाले असते. इथे चाळीस मोबाईल होते आणि चाळीसच्या चाळीस त्याच क्षणी चालू होते. लाईव्हचा हट्ट कुणाचा होता? यांचाच! मी खोटं बोलत नाही, मला त्या वेळी इतकं गार वाटलं की काय सांगू. आणि मग साहेबांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. माईक तोंडाजवळ होता हे विसरून म्हणाले, “मॅडम, लाईव्ह बंद करा.”

हेच वाक्य संध्याकाळपर्यंत जिल्ह्याजिल्ह्यात पोचलं.

“काहून बंद करायचं?” मागून कुणीतरी ओरडलं. “उत्तर द्या न डॉक्टर!” आता सगळेच उठले. विक्रम डॉक्टरांचा रंग उडाला. ते पाणी प्यायले, परत प्यायले, आणि मग त्यांनी तेच केलं जे नऊ वर्षांपूर्वी केलं होतं. दुसऱ्यावर ढकललं. साहेबांकडे बोट करून म्हणाले, “व्हॉल्व्हमध्ये दोष होता, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नर्सचं नाव टाकायचा सल्ला या पीआरवाल्यांचा.”

“डॉक्टर, सही तुमची होती!” साहेब माईकवरच ओरडले.

दोघं तिथेच भांडायला लागले, लाईव्ह. मी मागे वळून पाहिलं. भीमाबाई कपात चहा ओतत होत्या. एक थेंब बशीत सांडला नाही.

पुढचे तीन दिवस रोज कुणी ना कुणी पोर्टलवाला डॉक्टरांच्या दारात. उमरेडच्या त्या पेशंटच्या मुलानं तक्रार दिली. बेसाचं उद्घाटन पुढे गेलं. डॉक्टरांनी आमची एजन्सी सोडली, त्यांच्या मागोमाग आणखी दोघं गेले. चौथ्या दिवशी साहेब मला म्हणाले, “लॅपटॉप घ्या, नंदनवनला जायचं आहे.” बावीस वर्षांत त्या घराची पायरी या माणसानं चढली नव्हती.

भीमाबाईंनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं नाही. पिंकी त्या दिवशी घरीच होती, भिंतीला टेकून उभी.

“तुम्ही हे मुद्दाम केलं,” साहेब म्हणाले.

“तुमीच म्हनलं, तुमीच निवडा. मी निवडलं.”

“ते मूळ कात्रण कुठे आहे?”

“तुमच्याच कपाटात हाये. नऊ वर्षांपासून. कधी उघडून पाहिलं काय?”

साहेबांनी घाम पुसला. त्यांना एक छोटा व्हिडिओ हवा होता, की फोल्डरमध्ये ते कागद नजरचुकीनं गेले. पूर्वी हा माणूस हुकूम सोडायचा, आता हात जोडून बसला होता. भीमाबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

“व्हिडिओ नाही भेटत,” म्हणाल्या. “तुमी प्रेसनोट लिवा. माह्या पोरीची. डॉक्टरची सही आना, शिक्का आना. अन् पयले जिथं जिथं धाडली होती, तिथं तिथं धाडा. ज्या लिंकेत तिचं नाव हाये त्या हरेक लिंकवाल्याले. नाही तं सोनिकाबाईचा नंबर हाये माह्याजवळ, अन् फाईलीत आनखी लय कायकाय हाये, साऱ्याची झेरॉक्स हाये माह्याजवळ.”

“नाव आडनावासकट टाका,” पिंकी पहिल्यांदाच बोलली. “तेव्हा टाकलं होतं तसंच.”

साहेब मला तोंडी सांगायला लागले, पण भीमाबाईंनी आधी हातानं कागदावर लिहायला लावलं. तसं त्यांनी लिहिलं. ‘परिचारिका पिंकी रंगारी या पूर्णतः निर्दोष असून, गैरसमजातून त्यांच्यावर ठपका ठेवण्यात आला…’

भीमाबाईंनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, ओळ वाचली. मग कात्रणं बंद झाल्यावर घरी आणून फळीवर ठेवलेली काळी कात्री काढली आणि ‘गैरसमजातून’ हा शब्द चौकोन करून नीट कापून काढला. कागदाला खिडकी पडली. तो तुकडा त्यांनी साहेबांच्या तळहातावर ठेवला.

“हे घेऊन जा,” म्हणाल्या. “अन् इथं लिवा, जानूनबुजून.”

साहेबांनी लिहिलं. मी टाईप केलं. डॉक्टरांनी दोन तास कुरकुर केली आणि सही केली, कारण त्यांच्याही दारात मोबाईल उभे होते. दुपारी चारला नोट दोनशे बारा लोकांना गेली. पाचला पिंकीनं मोबाईलवर आपलं नाव टाकलं. पहिली बातमी नवी आली, जुनी दुसऱ्या नंबरवर होती. पोरगी तिथेच खाली बसून रडली, आणि भीमाबाईंनी तिला रडू दिलं.

साहेब निघून गेले. मी मागे थांबली. मला वाटत होतं, या सगळ्यात मीही काहीतरी केलं आहे. साठ झेरॉक्स मारल्या होत्या, नोकरी पणाला लावली होती. मी म्हटलं, “झालं एकदाचं, भीमाबाई. सगळं फिटलं.”

त्यांनी चहाचा कप माझ्यासमोर ठेवला.

“त्या बुधवारी साहेब सांगत होते, तवा तूनं एक डाव तरी विचारलं होतं काय वं, की पोरीचं नाव काहून टाकता?”

“नाही,” मी म्हटलं.

“मंग तुलेबी माफ नाही केलं मी, उत्तराबाई,” त्या म्हणाल्या. “चहा घे. थंडा होऊन राहिला.”

मी चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि लॅपटॉप उचलून बस स्टॉपवर आली.